मचाण बांधलंय, पण झाड कसंय?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री यावल अभयारण्यात पाणवठ्यावर बसायला जाताय? १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, शिकाऱ्यांचं मचाण मात्र प्राणी बघायला उरलं. सगळ्यांना धास्ती बिबट्याची. मला विचाराल तर खरी भीती डुलकी लागून खाली पडण्याची! म्हणून उजेड असतानाच झाड बघा. सालईचं लाकूड मऊ, अंजनाचं टणक. खोड कललेलं असेल तर मचाण सपाट दिसलं तरी भार एका अंगाला जातो. अशा झाडावर बसायला सरळ नकार द्या, वनरक्षकाला सांगा. शिडी झाडाला घट्ट बांधलेली हवी. सॅक मागाहून दोरीनं वर ओढा. ट्रेकिंगचा हार्नेस खोडाला आखूड दोरानं अडकवा, रात्रभर सोडू नका. मित्र ‘घाबरट’ म्हणतील, म्हणू द्या.