टाळ्यांच्या तागडीत देशनिष्ठा



२३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबई येथे भारत व पाकिस्तान यांच्यात क्रिकेटचा सामना झाला व भारताने तो जिंकला. त्याच वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथे एका भंगारविक्रेत्याच्या घरून भारतविरोधी घोषणा दिल्या गेल्या, अशी तक्रार करण्यात आली. आरोपाचे मुख्य बोट एका पंधरा वर्षांच्या मुलाकडे होते. त्याच्या आईबापांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचे दुकान बुलडोझर लावून पाडण्यात आले. बांधकाम अनधिकृत होते, असे कारण पुढे करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले व न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यांस अवमानाची नोटीस काढली.

मुलाने काय म्हटले, अथवा काही म्हटले की नाही, याचा निर्णय करण्यास या देशात न्यायालये आहेत. आरोप झाला म्हणून कोणाचे घरदार पाडता येणार नाही आणि बांधकाम अनधिकृत असले तरी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले होते. तरीही आरोप, निवाडा आणि शिक्षा हे तीनही एका दिवसात उरकले गेले. हा प्रकार तुम्हास नवा वाटतो काय? गावाने ज्यांचे पाणी तोडले, मजुरी बंद केली, दुकानदाराला मीठमिरची देऊ दिली नाही, त्यांना असा निवाडा ठाऊक आहे. ढोरे ओढणार नाही, एवढे म्हणताच ज्यांच्या वडिलांवर बहिष्कार पडला, त्यांनी तरी मालवणच्या त्या दुकानाकडे परक्याच्या नजरेने पाहू नये.

यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. मनुष्य कोणत्या संघाच्या फटक्याला टाळी वाजवतो, यावरून त्याची देशनिष्ठा मोजता येते काय?

हे माप काही आपल्या देशात प्रथम निघालेले नाही. १९९० साली इंग्लंडमधील हुजूर पक्षाचे पुढारी नॉर्मन टेबिट यांनी ते जाहीरपणे मांडले. भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीज येथून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेले लोक क्रिकेटच्या सामन्यात कोणाचा जयजयकार करतात ते पाहा, म्हणजे ते खरोखर इंग्लंडचे झाले की नाही हे कळेल, असा त्यांचा आशय होता. त्या काळी इंग्लंडात राहून सचिन तेंडुलकरच्या शतकाने आनंदित होणारा भारतीय मनुष्य या कसोटीत नापास ठरत होता. तेव्हा आपणांस ती कसोटी अपमानाची वाटली. मग तीच तागडी आपल्या हातात आली की ती न्यायाची कशी होते, याचे उत्तर आपल्याकडील टेबिटांनी द्यावे.

टाळी वाजते तिची कारणे अनेक असतात. पहिले कारण म्हणजे निव्वळ खेळ. १९६०-६१ साली फ्रँक वॉरेल यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजचा संघ ऑस्ट्रेलियात गेला. वेस्ट इंडीजच्या संघाचे एका संपूर्ण मालिकेसाठी कर्णधारपद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. ती मालिका त्यांचा संघ दोन विरुद्ध एक अशी हरला. परंतु परतीच्या वेळी मेलबर्नच्या रस्त्यांवर त्यांना निरोप देण्यासाठी दुतर्फा प्रचंड जनसमुदाय लोटला. त्या जनसमुदायाने ऑस्ट्रेलियाशी द्रोह केला, असे कोणी म्हटले नाही.

आपल्या देशातही असे घडले आहे. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारताला विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने बेजार असतानाही तेंडुलकरने १३६ धावा केल्या. तो बाद झाला, आणि विजय हाताशी आलेला असताना भारताचा डाव २५८ धावांवर संपला. पाकिस्तानने बारा धावांनी सामना जिंकला. क्षणभर मैदान सुन्न झाले. आणि मग सारे प्रेक्षक उठून उभे राहिले व त्यांनी पाहुण्या संघाला टाळ्या दिल्या. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घालून त्या टाळ्या स्वीकारल्या. कारगीलचे युद्ध त्यानंतर काही महिन्यांनीच झाले. त्या युद्धाच्या वेळी चेन्नई देशाच्या बाजूने उभी नव्हती, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

दुसरे कारण मात्र खेळाच्या पलीकडचे आहे, आणि ते तुम्हास अधिक जवळचे वाटेल. वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत मैदानावरही काळ्यांना वेगळ्या जागी बसविले जाई, आणि राष्ट्रीय संघात त्यांना प्रवेश नसे. केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर त्या वेगळ्या जागेतील प्रेक्षक परदेशी संघाच्या नावाने गर्जना करीत. ज्या संघात आपला मुलगा कधीच खेळू शकणार नाही, तो संघ आपला कसा म्हणावा, हा त्यांचा प्रश्न होता. देशावर त्यांचे प्रेम नव्हते काय? देशाच्या मुक्तीसाठी प्राण देणारे त्यांच्यातूनच निघाले. मायभूमी त्यांचीच होती. संघ तेवढा त्यांचा नव्हता. २४ जून १९९५ रोजी रग्बीच्या जागतिक अंतिम सामन्यात राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला त्याच राष्ट्रीय संघाचा गणवेश घालून मैदानात उतरले. त्यापूर्वी एक गोष्ट घडून गेली होती. १९९४ साली त्या देशातील प्रत्येक मनुष्याला मताचा अधिकार मिळाला होता. आधी हक्क आला, मग जयजयकार आला. हा क्रम उलटा करता येत नाही.

१९७६ साली इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग याने वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना आपण लोटांगण घालावयास लावू, अशी भाषा वापरली. ग्रेगचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला, आणि त्याच्यापुढचे खेळाडू गुलामांचे वंशज. इंग्लंडात मोलमजुरी करणाऱ्या कॅरिबियन लोकांनी त्या उन्हाळ्यात मैदाने भरून टाकली. वेस्ट इंडीजने ती मालिका तीन विरुद्ध शून्य अशी जिंकली. त्या टाळ्यांत इंग्लंडचा द्वेष शोधणाऱ्याने आधी ते लोटांगणाचे शब्द आठवावेत.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईत एके काळी सामने धर्मावरून होत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे संघ असत व १९३७ पासून त्यांत पाचवा संघ आला. १९४६ साली ही स्पर्धा बंद पडली. या हिंदू संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज होता पाळवणकर बाळू. तो चांभार समाजात जन्मलेला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तो मैदान तयार करण्याचे काम करी व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. गोऱ्यांना हरवावयाचे म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला आपल्यात घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. मात्र चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघाबरोबर तो इंग्लंडला गेला व तेथे त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. असा हा खेळाडू, पण कर्णधारपद त्याच्या वाट्यास आले नाही. १९२० साली त्याच्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कोठे वातावरण हलले. आणि १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. त्या काळी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या अस्पृश्य माणसाने कोणाला टाळी वाजवावयाची होती? त्याने संघाला वाजविली की बाळूला? त्याची टाळी मोजण्याचा अधिकार चहाचे भांडे वेगळे ठेवणाऱ्यांना होता काय?

याच बाळूने १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी केली व तो पराभूत झाला. त्याचे राजकारण आम्हास मान्य नाही. पण त्याच्या गोलंदाजीचे कौतुक आम्ही आजही अभिमानाने करतो. विरोधकाच्या गुणाला टाळी देता येते, आणि टाळी देऊनही आपली बाजू सोडावी लागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता कायद्याचे पाहू. राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच सांगितले की, हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी असेल तरच तो गुन्हा होतो. १९९५ साली बलवंत सिंह खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, दोनचार वेळा दिलेल्या आणि कोणताही परिणाम न झालेल्या घोषणा म्हणजे राजद्रोह नव्हे. निवाडा घोषणांविषयी असा आहे. मग टाळीची काय कथा! तरीही २०१७ साली पाकिस्तानने अंतिम सामना जिंकल्यावर मध्यप्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मोहद गावच्या मुसलमानांवर आनंद साजरा केल्याचा आळ घेऊन राजद्रोहाचा गुन्हा नोंदविला गेला. ते कलम काही दिवसांत मागे घ्यावे लागले. पण खटला चालूच राहिला आणि निर्दोष सुटण्यास २०२३ साल उजाडले. २०२१ साली आग्र्यात शिकणाऱ्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना अशाच आरोपावरून अटक झाली व जामिनाचा हुकूम होण्यास पाच महिने लागले.

सीमेपलीकडे काय आहे? जानेवारी २०१६ मध्ये पाकिस्तानातील ओकारा जिल्ह्यात विराट कोहलीच्या एका चाहत्याने आपल्या घरावर भारताचा तिरंगा लावला, म्हणून त्याला अटक झाली. तो तरुण तुरुंगात गेला तेव्हा आपणांस त्याची दया आली. ती दया जर खरी असेल, तर ती आग्र्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

कोणी म्हणेल, काही लोक मुद्दाम डिवचण्यासाठी फटाके लावतात, त्यांचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. शेजाऱ्याला डिवचणे हा असभ्यपणा आहे, मग तो कोणीही करो; मारहाणीस चिथावणी देणे हा गुन्हा आहे, मग तोही कोणीही करो. असभ्यपणाला समजावणी, गुन्ह्याला न्यायालय. जमावाला यांत कोठेच जागा नाही.

राष्ट्र म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगून ठेवले आहे. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील, असा प्रश्न करून त्यांनी जाती या राष्ट्रविघातक असल्याचे म्हटले, आणि बंधुत्वावाचून स्वातंत्र्य व समता टिकणार नाहीत असा इशारा दिला. राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करावा, असे राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांत १९७६ पासून लिहिलेले आहे. सर्व लोकांत बंधुभाव वाढवावा, असेही त्याच यादीत लिहिलेले आहे. कोणत्या संघास टाळी द्यावी, हे तीत कोठेही नाही. सामन्याच्या दिवशी तिरंगा नाचविणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर जात विचारीत असेल, तर त्याची देशभक्ती कोणत्या तागडीत मोजावयाची?

म्हणून बंधुभगिनींनो, भारताच्या विजयाचा आनंद मनसोक्त करा. हा देश आपला आहे, आणि त्याची घटना आपल्या उद्धारकर्त्याच्या हातून घडली आहे. पण तुमच्या मुलाला पाकिस्तानचा एखादा गोलंदाज आवडला तर त्याला दटावू नका. त्याची चेंडू टाकण्याची रीत त्याला शिकू द्या. आणि तुमच्या गल्लीत कोणाच्या दारावर जमाव चालून जाईल, तेव्हा त्या जमावात तुमच्या घरचा एकही मुलगा असता कामा नये. असलाच तर तो त्या दारापुढे, जमावाकडे तोंड करून उभा असावा. आपल्या वाडवडिलांच्या दारापुढे असे कोणी उभे राहिले नव्हते, हे आपण विसरलेलो नाही.