खाडे मोजायला हवेत

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डाच्या दिवशी सिकलसेलचा रुग्ण बहुधा बरा दिसतो. सांधे ठणकत असतील त्या दिवशी वणीहून यवतमाळपर्यंतचा एसटीचा प्रवास त्याला झेपतच नाही. दुखणं ओसरल्यावरच तो येतो. टेबलासमोर चालून दाखवतो, मूठ वळतो. आपण बोर्डावरचे डॉक्टर दिव्यांगत्वाचे टक्के लिहितो ते त्या एका सकाळचे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिलं. आपला हात मात्र अजून सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरकडेच आधी जातो. आखडलेला गुडघा उद्याही तेवढाच आखडलेला असतो. सिकलसेलचा झटका येतो, चार दिवस आडवं पाडतो आणि जातो. इथे मोजायचं ते वर्ष. ४० टक्क्यांच्या अलीकडे राहिलेल्याला बहुतेक सवलतींचं दार बंद होतं, म्हणून एका सकाळवरून टक्के ठरवण्याची चूक त्याला महागात पडते.

प्रश्न बदलून पाहा. ‘त्रास किती होतो?’ विचारलं की ‘होते थोडाबहुत’ एवढंच उत्तर मिळतं. वणी भागात कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते; न वेचलेल्या दिवसाचं काही मिळत नाही. तेव्हा ‘दिवाळीपासून होळीपर्यंत किती खाडे पडले?’ असं विचारा. हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. मग पिशवीतली डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी तारखेने लावा, खाड्यांशी ताडून पाहा. खुब्याचं दुखणं असेल तर एक्स-रेही हवाच.

नुसत्या सांगण्यावर टक्के द्यावेत, असं नाही. निदानाचा एचपीएलसी वा इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल पाहिजेच. निव्वळ वाहक असलेला यात बसत नाही. पण अनेक झटके घरीच, गोळ्या घेऊन, अंथरुणात निघतात. त्यांचा कागद नसतो, म्हणून ते झालेच नाहीत असं ठरत नाही. गावच्या आशाताईंना विचारलं तर बरंच कळतं.

दिव्यांगत्व कमी-जास्त होण्याची शक्यता असेल, तर मुदतीचं प्रमाणपत्र देण्याची सोय २०१७ च्या नियमांत आहे. शंका असेल तिथे नकाराऐवजी ती वापरावी. फक्त मुदत घालताना हात आखडता घेऊ नये. दर नूतनीकरणाला त्याचे आणखी एक-दोन खाडे पडतात, आणि ते आपण पाडलेले असतात.