प्रयोग हाही प्रबंधच

संगीत, नृत्य वा नाट्य या विषयांत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या कलावंतापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. ज्या कलेची त्याने वर्षानुवर्षे उपासना केली, तिच्याविषयी तो किती लिहू शकतो यावरच त्याची पारख होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जे नियम अधिसूचित केले, त्यांत अभ्यासक्रम, साहित्यचोरीची तपासणी, बाह्य परीक्षक व मौखिक परीक्षा यांची सविस्तर व्यवस्था आहे. परंतु ती लिखित प्रबंध डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. कलावंताचा प्रयोग हा संशोधनाचा मार्ग असू शकतो आणि त्याचे फलितही असू शकते, हा विचार आपल्याकडे अद्याप रुजावयाचा आहे.

बारडोलीचे उदाहरण घेऊ. सुरत जिल्ह्यातील या तालुक्यात मुंबई सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्याचा इतिहास महादेवभाई देसाई यांनी लिहून ठेवला आहे. त्या लढ्यात भाषणांइतकेच काम गीतांनीही केले. फूलचंदभाई शहा यांची गीते गावोगाव गाइली जात, आणि जप्तीचे अधिकारी येताच ढोल वाजून गाव सावध होई. उद्या एखाद्या गायकाने हा विषय घेतला, तर गीतांचे शब्द त्याला ग्रंथालयात मिळतील. पण कोणत्या जागी जमाव पुढाऱ्याच्या तोंडून ओळ उचलतो, ओळखीच्या भजनाची चाल नव्या शब्दांना कशी पाठीवर घेते, भ्यालेल्या माणसाला समूहस्वर धीर कसा देतो, हे कागद सांगणार नाही. त्यासाठी त्याच गावांतील पन्नास माणसे जमवून गावे लागेल, चाल बदलून पाहावी लागेल, फसलेला प्रयोग पुन्हा करावा लागेल. आमच्या मते हे संशोधनच होय.

हा विचार परका नाही. बारडोलीपासून फार दूर नसलेल्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली आणि १९१६ साली तेथेच पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. शास्त्र आणि गळा यांची फारकत त्या पिढीला मान्य नव्हती. डॉ. प्रभा अत्रे यांनी डॉक्टरेटसाठी ‘सरगम’ हा विषय निवडला. मैफलीत त्या सरगम विपुल गात, आणि ग्रंथातील सिद्धान्ताला गळ्याचा आधार होता. परदेशांत ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठाने १९८४ साली सर्जनशील कलांची स्वतंत्र डॉक्टरेट सुरू केली, तर फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत जाहीर मैफलींची मालिका हाच पदवीचा मुख्य भाग असतो.

यावर आक्षेप असा की, मैफल रंगली म्हणजे संशोधन झाले काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सवलत नको, शिस्त हवी. उमेदवाराने प्रारंभीच आपला प्रश्न स्पष्ट मांडावा. तालमींची नोंदवही व ध्वनिचित्रमुद्रण जपावे. प्रयोगातून नवे काय हाती आले हे आटोपशीर लेखनात सांगावे. परीक्षकांनी ध्वनिफितीवर न विसंबता प्रेक्षकांत बसून प्रयोग पाहावा. एवढे झाले, तर पदवी स्वस्त होईल ही भीती उरणार नाही. उलट दहा पुस्तकांतून अकरावे पुस्तक काढणाऱ्या प्रबंधांपेक्षा ही कसोटी अधिक खडतर ठरेल.

गोमंतकाला व कोकणाला या प्रश्नाची निकड अधिक आहे. दशावतारी काला, रणमाले, जागर यांचे ज्ञान ग्रंथांत थोडे आणि माणसांत फार आहे. उत्स्फूर्त संवाद रचणारा दशावतारी नट आज विद्यापीठाच्या लेखी केवळ माहिती पुरविणारा ठरतो. त्याच्याकडून ऐकून लिहिणारा मात्र डॉक्टर होतो. हा अन्याय आहे. अशा जाणत्यांना मार्गदर्शक व परीक्षक म्हणून मानाने बोलवावे, त्यांच्या शिष्यांना प्रयोगाच्या बळावर पदवीची वाट मोकळी करावी. ही माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्यामागे केवळ प्रबंध उरले, तर कपाटे भरतील, पण रंगमंच रिता राहील.