मला येत नाही, शिकवा!

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी मोडी लिपीच्या दहा दिवसांच्या वर्गात नाव घातले. आजोबांच्या काळातले काही कागद घरी ट्रंकेत पडून होते. जमिनीचे असावेत, देण्याघेण्याचे असावेत. पण ते वाचू शकणारे घरातले शेवटचे माणूस जाऊनही चाळीस वर्षे झाली होती. वर्गात आम्ही पंचवीस-तीस जण होतो. इतिहास घेऊन एम. ए. करणाऱ्या मुली, दोन वकील, एक निवृत्त तलाठी आणि मी. तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि माझ्याकडे बोट केले, “काका, तुम्ही वाचा.”

काय सांगू, तळहातांना घाम फुटला! ओळ लागत नव्हती. शेजारच्या मुलीने आपल्या वहीत मोडी अक्षरांखाली बाळबोध अक्षरे लिहून ठेवली होती. माझी नजर आपोआप तिकडे गेली, ओळ वाचली गेली आणि सर म्हणाले, “छान!”

घरी परतताना बसमध्ये मला माझेच हसू आले, मग हसू येईना. या वर्गाला परीक्षा नव्हती, गुण नव्हते, नोकरीशी संबंध नव्हता. शुल्क माझे, वेळ माझा, हौसही माझीच. मला ती ओळ येत नव्हती आणि ती यावी म्हणूनच तर मी तेथे गेलो होतो. मग ‘सर, मला येत नाही, पुन्हा सांगा’ एवढे साधे वाक्य तोंडून का निघाले नाही? येत नसलेले लपवायची ही कला मी कोठे शिकलो? उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. दहा वर्षे शाळेत आणि पाच वर्षे महाविद्यालयात. बीजगणित विसरलो, सनावळ्या विसरलो. हा धडा मात्र पक्का राहिला.

‘शाळा संपते, शिकणे संपत नाही’ हे वाक्य प्रत्येक निरोपसमारंभात पाहुण्यांच्या तोंडी असते. ऐकायला बरे वाटते. पण शालेय शिक्षणाचा आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या शिकण्याचा नेमका संबंध काय, हे कोणी फारसे विचारत नाही. आपण धरून चालतो की शाळा हा पहिला हप्ता आणि पुढचे हप्ते ज्याने त्याने आपापल्या सवडीने भरायचे. मला वाटते, संबंध त्याहून जवळचा आहे. पुढचे हप्ते भरले जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्याच हप्त्यात ठरते.

आपली भाषाच पाहा. ‘तुमचं शिक्षण किती झालं?’ असे आपण विचारतो. ‘झालं’! लग्न झाले, मुंज झाली, तसे शिक्षण झाले. साठीचा गृहस्थ उत्तर देतो, “बी. कॉम., ८४ सालचा.” चाळीस वर्षांत त्याने घर बांधले, मुलांना वाढवले, आईचे आजारपण काढले, तीन प्रकारची यंत्रे शिकून घेतली, यातले काही ‘शिक्षणा’त येत नाही. आणि मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर टाकून आलेला मुलगा ‘सुटलो एकदाचा’ म्हणत दप्तर कोपऱ्यात भिरकावतो. महिन्याभरात ती पुस्तके, गाइडे आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच रद्दीवाल्याच्या तराजूत बसतात. निकाल लागायचा असतो, पण पुस्तकाशी असलेले नाते तुटलेले असते. ज्या गोष्टीतून ‘सुटका’ झाली, तिच्याकडे माणूस आपल्या पायांनी परत कसा जाईल?

याउलट माझी आत्या. जेमतेम चौथी शिकलेली. पण ‘मला नाही कळत रे, नीट सांग’ हे वाक्य ती इतक्या सहजपणे म्हणायची की सांगणाऱ्याचाच मान वाढायचा. पोस्टमनला विचारायची, कंडक्टरला विचारायची, दवाखान्यातल्या नर्सला विचारायची. सत्तरी उलटल्यावर तिने माझ्या धाकट्या भावाला घेऊन एटीएमवर स्वारी केली, चार वेळा चुकली आणि पाचव्या वेळी पैसे काढून आणले. दुपारी भिंग लावून वर्तमानपत्र वाचायची. अडलेला शब्द घरात येईल त्याला विचारायची. मोठेपणी आम्हाला त्याचा थोडा संकोच वाटे. शिकलेल्या भाच्यांना आत्याचे अडाणीपण चारचौघांत उघडे पडू नये असे वाटे! प्रत्यक्षात चार इयत्तांच्या भांडवलावर ती साठ वर्षे शिकत होती आणि आम्ही पंधरा वर्षे शिकून थांबलो होतो.

येथे काही वाचक म्हणतील, मग शाळा हवीच कशाला? हा प्रश्न नवा नाही. इव्हान इलिच या विचारवंताने १९७१ साली ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक लिहून शाळा या संस्थेवरच घाव घातला होता. आपल्याकडेही ‘अमका कुठे कॉलेजात गेला होता’ अशी उदाहरणे चहाबरोबर चघळली जातात. पण ही उदाहरणे जरा पुढपर्यंत पाहावीत. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे उभी केली. वसंतदादा पाटील प्राथमिक शाळेपलीकडे फारसे गेले नाहीत. पण मुख्यमंत्री असताना १९८३ साली त्यांनीच विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा रस्ता मोकळा केला. त्या महाविद्यालयांचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. मुद्दा असा की, शाळेबाहेर शिकून मोठी झालेली ही माणसे शाळा बंद करायला निघाली नाहीत, काढायला निघाली. शाळा नसण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर आपण नेहमीच देतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि तरी केवढी कविता! खरे आहे. पण ती कविता आपल्यापर्यंत आली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. पुस्तक निघाले १९५२ साली. शेतातले आणि जात्यावरचे शहाणपण त्यांचे होते, पण ते टिकवणारी लेखणी शाळेतून आली होती. ज्यांच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते, अशा किती बहिणाबाई विरून गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

तेव्हा शाळा हवीच. अक्षर, अंक, नकाशा, प्रयोग ही हत्यारे शाळेइतक्या स्वस्तात आणि इतक्या मुलांना दुसरे कोणी देऊ शकत नाही. गरिबाच्या मुलाला तर नाहीच. पण हत्यार दिले आणि वापरण्याचे कारण दिले नाही, तर त्याला गंज चढतो. याचा मोठा अनुभव महाराष्ट्राच्याच गाठीशी आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावाने गावाला साक्षर करायचे, शिकवायला गावचेच शिक्षक आणि शिकलेली पोरे. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवायची. गाव साक्षर झाले की समारंभ व्हायचा. काम खरोखरच मोठे होते आणि पुढे ते इतर जिल्ह्यांतही गेले. पण समारंभाचे हार सुकल्यावर काय? नव्याने वाचू लागलेल्यांच्या हाती वाचण्याजोगे काही येत राहिले नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांची अक्षरे हळूहळू पुसली गेली. साक्षर झालेला माणूस पुन्हा अंगठ्यावर आला. शिकणे मध्येच थांबले की ते होते तेथे राहत नाही, मागे जाते.

ही झाली हत्यार गंजण्याची गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. ती म्हणजे लाज. शाळेतला प्रश्न हा एक विचित्र प्रकार आहे. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगावे लागते. बाहेरच्या जगात नेमके उलटे चालते. तेथे ज्याला ठाऊक नाही तो विचारतो. दहा वर्षे उलट्या बाजूने प्रश्न झेललेले मूल एक गोष्ट चटकन शिकते: येत नाही हे कळू द्यायचे नाही. सर्वांबरोबर एका सुरात ओरडायचे, शेजाऱ्याच्या वहीत पाहायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. ‘असर’च्या २०१८ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातली पाचवीतली जेमतेम निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. या आकड्यावर बरीच चर्चा झाली; शिक्षक कमी, वर्ग मोठे, कामे भलतीच, ही सगळी कारणे खरीच आहेत. मला मात्र त्या उरलेल्या निम्म्या मुलांचे वाटते. पाच वर्षे रोज वर्गात बसून ‘मला वाचता येत नाही’ हे लपवत राहणे, हे केवढे कष्टाचे काम! आणि लपवण्यात तरबेज झालेले हे मूल उद्या तिशीत, चाळिशीत नवे काम शिकायची वेळ आली, तर हात वर करील?

ती वेळ आता प्रत्येकावर येते. १९८२ सालच्या संपानंतर गिरणगावातल्या हजारो कामगारांवर ती एका फटक्यात आली. हातातली एकच कला निरुपयोगी ठरली आणि दुसरी शिकवणारे कोणी नव्हते. नंतर खातेवहीवर आयुष्य काढलेल्या कारकुनांवर संगणकाच्या रूपाने आली. आज भाजीवालीला पैसे मोबाइलवर घ्यावे लागतात, शेतकऱ्याला अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि कालचा संगणकतज्ज्ञही यंत्रे आपले काम घेतील म्हणून धास्तावला आहे. अशा वेळी कोणाकडे किती पदव्या आहेत यापेक्षा, ‘मला हे येत नाही, शिकवा’ असे न लाजता कोण म्हणू शकतो, यावर पुष्कळ काही ठरते.

ही लाज जाऊ शकते का? जाऊ शकते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने निघालेल्या या शाळेत साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन येऊ लागल्या. त्यांना नोकरी नको होती, प्रमाणपत्र नको होते. पोथी आपली आपण वाचावी, बँकेत अंगठ्याऐवजी सही करावी, एवढेच. एकीला येत नसेल तर दुसरीलाही येत नाही, मग लाजायचे कोणाला? चुकले की हसायचे आणि पुसून पुन्हा लिहायचे. आपल्या प्रत्येक पहिलीच्या वर्गात एवढे साधले, तर आणखी काय हवे!

अनुताई वाघ तारुण्यापासून शिकवत होत्या. कोसबाडच्या आदिवासी मुलांनी शाळेत यावे म्हणून वाट न पाहता, जेथे मुले गुरे चारतात तेथेच शाळा नेणाऱ्या कुरणशाळेच्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर बी. ए. केले. शिकवणारी बाई स्वतः परीक्षेला बसते, हे पाहण्याइतका चांगला धडा विद्यार्थ्यांना कोणत्या पुस्तकात मिळेल?

असे रस्ते आपल्याकडे थोडेफार आहेत. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तेथे बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाता आले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तर १८५५ सालीच शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पण आजही गावातली सर्वांत मोठी इमारत, म्हणजे शाळा, संध्याकाळी पाचला कुलूप लावून अंधारात उभी असते. आत फळा आहे, बाके आहेत, कपाटात बंद पुस्तके आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती गावातल्या मोठ्यांसाठी उघडली तर? आणि दिवसाच्या वर्गात रोज एक तास असा ठेवला की ज्यात प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे आणि ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणायची मुभा गुरुजींनाही असायची, तर?

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे, घरचे अवघड. मुलाला ‘वाच’ म्हणून आपण टीव्हीसमोर बसतो. गणित अडले की ‘क्लासच्या सरांना विचार’ म्हणून मोकळे होतो. ‘मलाही येत नाही, चल, दोघं मिळून पाहू’ असे म्हणणारे आईबाप किती? मूल शिकण्याची चव घेते ती शिकणाऱ्या माणसाच्या सहवासात, शिकवून झालेल्या माणसाच्या नव्हे.

माझ्यापुरते सांगायचे तर, सातव्या दिवशी सरांचे बोट पुन्हा माझ्याकडे वळले. या वेळी मी शेजारच्या वहीवर हात ठेवला आणि म्हणालो, “सर, मला येत नाही.” आभाळ काही कोसळले नाही. सर म्हणाले, “बरं, पहिल्या अक्षरापासून पाहू.” आता वर्ग संपला आहे. ट्रंकेतल्या पहिल्या कागदाच्या साडेतीन ओळी लागल्या आहेत आणि चौथ्या ओळीतल्या एका शब्दावर मी आठवडाभर अडलो आहे. ज्या मुलीच्या वहीत मी डोकावलो होतो, तिला उद्या फोन करून विचारणार आहे.