आधी उतरून बघा!

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. रस्त्याच्या कडेला मोठा ट्रक उभा आहे. ड्रायव्हर वर, उंच सीटवर बसलाय. आणि तुम्ही खाली, ट्रकच्या अगदी नाकासमोर उभे आहात. त्याला तुम्ही दिसाल का? "दिसणारच की! केवढी मोठी काच असते," असंच म्हणालात ना? बरं, उत्तर मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आपल्या सोलापुरात ट्रकांना काय तोटा! पुण्याहून हैदराबादला जाणारा आणि धुळ्याहून विजयपूरकडे जाणारा, असे दोन मोठे महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. चादरी, टॉवेल, साखर, सिमेंट, सगळं ट्रकावर चढतं. वर्गात "बाबा काय करतात?" असं विचारलं की "गाडीवर असतात" म्हणणारी दोन-तीन मुलं असतातच.

तर दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता बावीस वर्षांचा झालाय. चेहरा अगदी उतरलेला.

"बाई, नापास झालो."

"अरे, आता कसली परीक्षा?"

"कंपनीची. गाडीची टेस्ट होती."

हा मुलगा दोन वर्षं छोटा हत्ती चालवत होता, कारखान्यातून टॉवेलच्या गाठी पोचवायचा. मग त्याने मोठ्या गाडीचं लायसन काढलं. ते काही कुणालाही मिळत नाही बरं का! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रकासारखं वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. शिवाय आधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन जवळ असावं लागतं. हे सगळं त्याने केलं होतं. पण लायसन म्हणजे नुसती परवानगी. लाखो रुपयांचा ट्रक आणि त्यावरचा लोकांचा माल कुणाच्या हाती द्यायचा, हे कंपनी स्वतः पारखून घेते. त्यासाठी ही वेगळी परीक्षा.

"चालवायला येतंय हो मला," तो म्हणाला. "मागं घेताना एका ड्रमला लागलं. नुसतं टेकलं, बाई!"

"मग परीक्षक काय म्हणाले?"

तो जरा वेळ गप्प बसला. "म्हणाले, ड्रमाच्या जागी पोरगं असतं तर?"

पंधरा दिवसांनी त्याला आणखी एक संधी मिळणार होती. घरी वडिलांचं माग चालवणं तब्येतीमुळे बंद झालेलं, आई विड्या वळते. ही नोकरी हवीच होती. परीक्षेला थोडं लेखीही होतं, म्हणून तो माझ्याकडे आला होता. मुलांनो, मला स्कूटरसुद्धा जपून चालवावी लागते! मी ट्रकाचं काय शिकवणार? पण अभ्यास कसा करायचा, ते मात्र मला ठाऊक होतं.

"किल्ली फिरवायच्या आधी काय काय बघतोस, ते सांग," मी म्हटलं.

"टायर बघतो... आणि... बघतो की सगळं."

'सगळं' म्हणजे काहीच नाही, हे तुमच्या उत्तरपत्रिका तपासून मला चांगलं कळलंय! मग आम्ही वहीत क्रमाने लिहून काढलं. टायरची हवा. चाकाचे नट. दिवे. आरसे. वायपर. इंजिनातलं ऑइल. रेडिएटरचं पाणी. मालाचे दोर. कागदपत्रं. शेवटी गाडीखाली वाकून एक नजर. मोठ्या ट्रकाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून इंजिन सुरू केल्यावर दाबाचा काटा पुरेसा वर चढेपर्यंत गाडी हलवायची नाही, हेही लिहिलं. आणि मग पाढे पाठ करावेत तसं तो माझ्या व्हरांड्यातल्या कॉटभोवती फिरत हे सगळं मोठ्याने म्हणू लागला. "ही पुढची डावी बाजू, हे चाक, हे नट..." शेजारच्या आजी येऊन विचारून गेल्या, "बाई, पोराला बरं नाही का?"

लेखीसाठी रस्त्यावरची चिन्हं घोटली. गंमत म्हणजे शाळा इथेही पाठ सोडत नाही. पाकणीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेलचे टँकर निघतात ना? असा घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलीच पाहिजे, असा नियमच आहे. टँकरवर काय भरलंय आणि आग लागली तर काय करायचं, ते वाचता नको का यायला?

रविवारी त्याने ओळखीच्या मालकाचा रिकामा ट्रक मैदानात आणून उभा केला. चाकांना दगड लावले, किल्ली काढून माझ्या पर्समध्ये टाकली. गल्लीतली चौदा मुलं जमली होती. सात जणांना आम्ही ट्रकाच्या नाकासमोर उभं केलं, सात जणांना डावीकडच्या चाकापाशी, म्हणजे क्लीनरच्या बाजूला, खाली बसवलं. मी साडी सावरत केबिनमध्ये चढले आणि सीटवर बसून समोर पाहिलं.

समोर मोकळं मैदान! एकही मूल नाही. डावीकडच्या खिडकीतून पाहिलं, तिथेही कुणी नाही. नुसतं खुदूखुदू हसणं ऐकू येत होतं. मुलांनो, चौदाच्या चौदा मुलं गायब!

मिळालं ना कोड्याचं उत्तर?

मी उतरले, तो चढला. खूप वेळ खाली आलाच नाही. आला तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, त्या चाकापाशी माझी भाची बसली होती. मला माहीत होतं ती तिथंच आहे, तरी दिसली नाही."

त्या दिवशी वहीत एकच ओळ वाढली. 'मागे घेण्याआधी उतरून बघायचं. शंका आली तर परत उतरायचं.'

पंधरा दिवसांनी परीक्षा झाली. यावेळी त्याने ट्रकाभोवती पूर्ण फेरी मारली. काटा चढेपर्यंत थांबला. मागे घ्यायची वेळ आली तेव्हा उतरून ड्रम बघून आला. अर्ध्यात गाडी थांबवून पुन्हा उतरला. बाकीचे उमेदवार हसले म्हणे. कुणीतरी ओरडलं, "अरे, चालत जातोस का काय?" परीक्षक काही बोलले नाहीत, कागदावर खूण केली. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो पास झाला! आता पहिले काही महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर जातोय.

पेढे घेऊन आला तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. चौथीत हा मुलगा प्रत्येक पेपर सर्वांत आधी द्यायचा आणि पळायचा. पुन्हा वाचून बघणं नाही की काही नाही. आणि मी काय म्हणायची? "शाब्बास! पहिला नंबर!" अख्ख्या वर्गासमोर म्हणायची. घाई ही हुशारी असते, हे त्याला मीच तर शिकवलं होतं. तो ड्रम एकट्या त्याने पाडला नव्हता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. हल्ली पेपर लवकर देणाऱ्याला मी शाब्बासकी देत नाही, परत जागेवर बसवते. पालकहो, 'कोण आधी करतंय बघू' असं आपण घरीही दिवसातून कितीदा म्हणतो, ते जरा मोजून पाहा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ.

एक हिशेब करा. ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललाय. एका सेकंदात तो किती मीटर जाईल? उत्तर १७ च्या जवळपास यायला हवं. म्हणजे ड्रायव्हरने तुम्हाला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच तो एवढा पुढे आलेला असतो.

एक प्रयोग करा. बादली अर्धी भरून भरभर चाला आणि एकदम थांबा. पाणी थांबतं का? अर्धा भरलेला टँकरही थांबताना असाच पुढे ढकलला जातो.

आणि एक नियम पाठ करा. उभ्या ट्रकाच्या पुढून, मागून किंवा चाकाजवळून कधीही जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

तो उतरून बघेल तेव्हा बघेल. तुम्ही आधीच लांब राहा!

तुमची,
बाई