अपडेटचे पैसे घ्या, पण तारीख सांगा

2008 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावरून स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॉड टचसाठी पाच नवी ॲप जाहीर केली. मेल, नकाशे, हवामान, शेअर बाजार आणि नोंदवही. त्यानंतर आयपॉड घेणाऱ्याला ती यंत्रातच मिळणार होती. ज्यांनी चारच महिन्यांपूर्वी हौसेने पहिल्या खेपेतला आयपॉड घेतला होता, त्यांनी मात्र 19.99 डॉलर मोजायचे होते. आयफोनवाल्यांना त्या महिन्याचं अपडेट फुकट मिळालं. साहजिकच बोंब झाली. जुलैत ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा तर गंमतच झाली. स्टोअरमध्ये शिरायला 2.0 ही नवी प्रणाली लागायची आणि आयपॉड टचवर तिचे 9.95 डॉलर पडायचे, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. एखादं फुकट ॲप उतरवून घ्यायचं तरी आधी हे पैसे भरा. पुढच्या वर्षी 3.0 आलं, त्याचेही पुन्हा 9.95.

हा निव्वळ हावरटपणा होता असं तेव्हा अनेकांना वाटलं. तो थोडाफार असेलही, पण खरी गोम हिशेबाच्या वहीत होती. अमेरिकेतल्या लेखा-नियमांनुसार विकलेल्या वस्तूत पुढे फुकट नवी सोय घालायची असेल, तर विक्रीचे सगळे पैसे त्याच दिवशी ‘कमावले’ म्हणून दाखवता येत नसत. आयफोनची कमाई ॲपल म्हणूनच 24 महिन्यांवर पसरून दाखवत असे, त्यामुळे त्यात पुढे काहीही फुकट घालायची मुभा होती. आयपॉडची कमाई मात्र एकरकमी दाखवलेली, म्हणून नव्या सोयींची काहीतरी किंमत लावणं भाग होतं. याच कारणाने 2007 मध्ये ॲपलने काही मॅक संगणकांतलं वेगवान वायफाय चालू करून द्यायचे 1.99 डॉलर घेतले होते. यंत्राचा भाग आधीपासून आतच होता, दोन डॉलर फक्त तो जागा करण्याचे.

2009 मध्ये नियम बदलले आणि 2010 च्या जूनमध्ये चौथी प्रणाली आयपॉड टचलाही फुकट मिळाली. इथे टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण तीच प्रणाली पहिल्या पिढीच्या आयपॉड टचला मिळालीच नाही. 2007 च्या सप्टेंबरात आलेलं यंत्र तीन वर्षं पुरी व्हायच्या आत 3.1.3 वर कायमचं थांबलं. ज्यांनी आधी वीस आणि मग दोनदा दहा डॉलर भरले होते, नेमके तेच बाहेर राहिले. आता त्यांना पैसे देऊनही पुढे जाता येईना. मला या सगळ्या कथेत हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपडेट फुकट झालं आणि त्याच दिवशी काहींसाठी ते कोणत्याही भावात मिळेनासं झालं.

तेव्हापासून जगभर हीच रीत पडली. मॅकची प्रणाली 129 डॉलरवरून 29 वर, मग 20 वर आली आणि 2013 मध्ये फुकट झाली. विंडोज 10 सुद्धा 2015 मध्ये जुन्या विंडोजवाल्यांना वर्षभर फुकट दिलं गेलं. अपडेटचे पैसे मोजायचे असतात हेच आपण विसरलो. खर्च मात्र कुठे गेला नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती एखाद्या फोनवर चढवायची तर चिप बनवणाऱ्याने त्या चिपसाठी लागणारं सॉफ्टवेअर द्यावं लागतं, फोन कंपनीने ते जुळवून तपासावं लागतं, आणि ही मेहनत ज्या फोनसाठी होते तो फोन विकून पैसे केव्हाच गल्ल्यात पडलेले असतात. विकलेल्या फोनवर इंजिनियर बसवायचे की पुढच्या मॉडेलवर, याचं उत्तर द्यायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही.

पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसतं. स्क्रीन फुटलेले, चार्जिंगचा पॉइंट गेलेले फोन येतातच. पण फोन धडधाकट असून ‘बँकेचं ॲप उघडत नाही’ म्हणून घेऊन आलेली माणसंही असतात. दुकानदार सेटिंगमध्ये जातो, अँड्रॉइडचा आकडा बघतो आणि फोन परत हातात देतो. ‘याला पुढचं अपडेट येत नाही, काका. नवाच घ्या.’ काका विचारतात, ‘पैसे घे, पण मारून दे ना अपडेट.’ काकांचा प्रश्न वेडगळ नाही. रिचार्ज मारता येतो, बॅटरी बदलता येते, मग अपडेट का मारता येऊ नये? दुकानदाराकडे विकायला ते नसतंच.

बँकेलाही दोष देता येत नाही. ज्या फोनला सुरक्षेची डागडुजी मिळणं बंद झालंय, त्यावर यूपीआय चालू ठेवायचं तर उद्या पैसे गेल्यावर जाब बँकेलाच विचारणार. व्हॉट्सॲपनेही 2025 च्या सुरुवातीला अँड्रॉइडच्या 2013 मधल्या किटकॅट आवृत्तीचा निरोप घेतला. अकरा वर्षं झाली होती, तक्रार कसली करायची? तक्रार आहे ती मधल्या जागेबद्दल. लिनेजओएससारख्या प्रकल्पांत हौशी लोक जुन्या फोनांना नव्या अँड्रॉइडवर फुकट नेऊन ठेवतात आणि फोन मस्त चालतो. पण फोन अधिकृत प्रणालीवर आहे की नाही हे तपासणारी पुष्कळ बँक ॲप अशा फोनवर उघडायलाच नकार देतात. कंपनी अपडेट देणार नाही आणि दुसऱ्याने दिलेलं चालणार नाही. म्हणजे उरला तो नवा फोन. दहा डॉलरची जागा दहा-बारा हजार रुपयांनी घेतली, आणि याला आपण फुकट अपडेट म्हणतो.

ॲप बदलणारा एक आणि बिल भरणारा भलताच, याचं महाराष्ट्राने पाहिलेलं उदाहरण अंगणवाडी सेविकांचं आहे. सरकारने त्यांना 2 जीबी रॅमचे फोन दिले होते. 2021 मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. फोन हँग व्हायचे, तापायचे, स्टोरेज भरून जायचं आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून. त्या ऑगस्टमध्ये ठिकठिकाणच्या सेविकांनी फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. इथे विकतचं अपडेट कामाला आलं नसतं हे कबूल, कारण रॅम काही अपडेटने वाढत नाही. पण ॲप भारी करताना समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे हे बघायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तोच आहे.

विकतचं अपडेट आता दुसऱ्या दाराने परत येतंय. विंडोज 10 चा सांभाळ 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक बाद झाले. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना एक वर्षाची सुरक्षा-मुदतवाढ 30 डॉलरला देऊ केली. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवला तर पैसे माफ. कंपन्यांना पहिल्या वर्षी संगणकामागे 61 डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, तेही तीन वर्षंच. या सौद्यावर टीका पुष्कळ झाली. मला तो त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. किंमत लिहिलेली आहे, मुदत लिहिलेली आहे आणि काय मिळणार नाही तेही लिहिलेलं आहे. 30 डॉलर द्यायचे की नवा लॅपटॉप घ्यायचा, हे ग्राहक ठरवू शकतो. फोनवाल्या काकांना हा पर्यायच नव्हता.

यात धोका आहे, तो नाकारत नाही. एकदा पैसे घ्यायची सवय लागली की कंपनी काय काय विकायला काढेल याचा भरवसा नाही. गाडीत आधीच बसवलेली गरम सीट चालू करायला बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत महिन्याचं भाडं लावलं, लोक खवळले, आणि पुढच्या वर्षी तो प्रकार बंद करावा लागला. दिलेली वस्तू अडवून पैसे घेणं वेगळं आणि नवं काम करून त्याचे पैसे घेणं वेगळं. पहिल्याला माझा विरोधच राहील. दुसऱ्याला नाही, फक्त किंमत फोन विकतानाच जाहीर हवी, आपण अडकल्यावर नव्हे.

युरोपने आपला मार्ग काढला आहे. 20 जून 2025 पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनला विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात. गूगल आणि सॅमसंगने महागड्या फोनांना सात वर्षांचा शब्द दिला आहे, पण आपल्याकडे खपतात ते महागडे नव्हेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने 2025 च्या मे महिन्यात दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला, त्यात गुण देण्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहे. गुणांनी काय होणार? पाचपैकी तीन तारे बघून काकांना काहीच कळणार नाही. खोक्यावर एमआरपीच्या शेजारी दोन ओळी पुरेत: सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत, त्यापुढे वर्षाला इतके रुपये. दुसऱ्या ओळीत ‘उपलब्ध नाही’ असं लिहायची वेळ आली, तरी ते लिहिणं सक्तीचं करा. आणि तोवर दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून झाले की अपडेटची शेवटची तारीखही विचारा. बहुतेक विक्रेत्यांना ती ठाऊक नसते, तरी विचारा.