नागपूरला नेण्याआधी एक प्रश्न

“डॉक्टरसाहेब, बाबाले नागपूरले नेऊ काय?”

अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न बहुधा रात्री, दम लागलेल्या वडिलांच्या खाटेजवळ विचारला जातो. अकोल्याहून नागपूर सुमारे २५० किलोमीटर. हृदयविकाराचा ताजा झटका असेल, तर उपचाराला उशीर करूच नये. वेळेत झालेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. पण हृदय कित्येक वर्षांपासून थकत आले असेल, तर उत्तर इतके सोपे नसते.

या आजाराला हार्ट फेल्युअर म्हणतात. यात हृदय बंद पडत नाही, त्याची पंपाची ताकद कमी होते. पाय सुजतात, आडवे झोपले की दम लागतो. आज अशा रुग्णांना चार प्रकारची औषधे एकत्र देता येतात. त्यातले एक तर मुळात मधुमेहासाठी आले. या औषधांनी आयुष्य वाढते, वारंवार भरती होणे कमी होते. काहींच्या छातीत आयसीडी नावाचे यंत्र बसवतात. ते धोकादायक ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणते. मात्र शेवटच्या दिवसांतही ते शॉक देत राहू शकते. ते शॉक शस्त्रक्रियेशिवाय बंद करता येतात, हे किती घरांना ठाऊक असते?

माझे मत स्पष्ट आहे: रुग्ण बोलता-चालता असतानाच त्याला विचारा. “आजार फार वाढला, तर व्हेंटिलेटर हवा का? शेवटी कुठे राहायला आवडेल?” हे विचारणे म्हणजे हात टेकणे नव्हे. पॅलिएटिव्ह केअर नेहमीच्या उपचारांसोबतच देता येते: सूज उतरवणे, दम सुसह्य व्हावा म्हणून गरजेनुसार अल्प मात्रेत मॉर्फिन, घरच्यांना धीर.

कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. बरे होण्याची आशा नसताना आणि रुग्णाला बोलता येत नसताना ते उपयोगी पडते. अंतिम निर्णयाआधी डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतात.

हे आधी बोलले गेले नाही, तर सगळा भार मुलावर येतो. “नेले नाही तर लोक काय म्हणतील?” या धाकाने तो कर्ज काढतो, आणि वडील अनोळखी आयसीयूत एकटे जातात. वडिलांची इच्छा ठाऊक असेल, तर नेले काय किंवा घरी ठेवले काय, मुलाच्या मनाला बोचणी राहत नाही.

पुढच्या तपासणीला याल, तेव्हा हा विषय तुम्हीच काढा.